न जोखलेला भोपळा

पापडी,
९ जून १९९६

प्रिय बाप्टी,

तुझ्या जोएलने कॅनडाहून पाठवलेल्या बियांपैकी माझ्या वाट्याच्या सहा काल विनयाच्या पिशवीतून घरी आल्या. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ ओट्यावर बसलो होतो. पाकिटावरच्या चित्रात म्हणे भोपळ्यावर एक मूल घोडा करून बसलं आहे. म्हणे, कारण पाकीट तू ठेवून घेतलंस. बारा बियांतल्या सहा तू निवडल्यास आणि उरलेल्या मला आल्या. माझ्यातली एक चपटी आहे, एकीचा कोपरा कुरतडलेला आहे. मी काही म्हणत नाही. फक्त कळवतो.

करार लक्षात आहे ना? आगेऱ्याच्या रविवारपर्यंत तू पापडीच्या माझ्या अंगणात पाऊल टाकायचं नाही आणि मी गिरीजच्या तुझ्या वाडीत फिरकायचं नाही. त्या दिवशी तुमची मिस्सा आटोपली, फादरांनी नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद दिला, की दुपारी दोन्ही भोपळे नाक्यावर काळूरामच्या काट्यावर. तोवर जे बोलायचं ते पत्रातून. बायकांना बंदी नाही, कारण ती घालून कुणी पाळली नसती.

ही वेळ तुझ्यामुळेच आली. गेल्या साली माझ्या कोवळ्या भोपळ्याकडे तू सरळ बोट रोखून म्हणालास, "रंगा, हा धरला रे!" आठ दिवसांत तो देठाशी पिवळा पडून गळला. कोवळ्या फळाकडे बोट वाकवून दाखवायचं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तू तर तीन पिढ्यांचा वाडीवाला!

मी जन्मभर मुंबईच्या कचेरीत फायली लावल्या. माझ्या हातून उगवलेली ती काय तुळस. पण एकदा, बाप्टी, एकदा तरी तुझ्यापेक्षा माझं काहीतरी जड भरावं, एवढी एकच इच्छा उरली आहे. हे मी हसत लिहितो आहे. तूही हसत वाच.

तुझा
श्रीरंग


गिरीज,
१५ जून

रंगा,

सायकलवरून वीस मिनिटांचं अंतर आणि तुझं पत्र आलं चार दिवसांनी. पाकिटावर तिकीट कमी होतं, ते मी भरलं.

बिया मी डोळे मिटून वाटल्या. उर्सुला साक्षीला होती, पण माझीच बायको म्हणून तू तिची साक्ष मानणार नाहीस. कुरतडलेली टाकून दे. उंदीर नव्हे, मीच दाताखाली धरून बघितली होती, गर भरलाय का म्हणून. चपटी मात्र टाकू नकोस. टोक खाली करून पेर.

आणि बोटाचं सोड. गेल्या साली तुझा भोपळा साचलेल्या पाण्याने गेला. यंदा मातीचा उंचवटा कर, शेणखतात एरंडीची पेंड मिसळ, आणि फळ लिंबाएवढं झालं की खाली पेंढा अंथर. हे सगळं मी तुला कशाला सांगतोय देव जाणे.

उर्सुलाने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाली, "भाऊजी किती छान लिहितात हो!" लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझ्या कुठल्याच गोष्टीला ती असं 'हो' लावून बोललेली नाही.

बाप्टी


पापडी,
४ ऑगस्ट

प्रिय बाप्टी,

आज सकाळी लग्न लावलं. उन्हं यायच्या आत नर फूल खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या, आणि पिवळ्याजर्द मादी फुलाच्या पोटात अलगद फिरवलं. विनया दारातून म्हणाली, "अंतरपाट धरू का?" तिला थट्टा सुचते. मला मात्र शाळेतला तो वर्ग आठवला, खिडकीतून येणारा चिंचेचा वास, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हटलेल्या कविता. अर्थ तेव्हा कळत नव्हता, पण अंगावर काटा यायचा. आपल्याला आयुष्यात जे काही सुंदर म्हणून मिळालं ते त्या बाकावरच मिळालं असं मला वाटतं. फुलावर चार ओळी सुचल्या, त्यातल्या दोन देतो:

वेलीच्या या मांडीवरती निजले इवले बाळ,
पानाआडून हळूच त्याला बघून गेली सकाळ.

कवितेवरून निघालं म्हणून विचारतो. सातवीतली पाठांतराची स्पर्धा तुला आठवते? माझी कविता कानामात्रेसकट पाठ होती. तू मधल्या दोन ओळी विसरलास, तिथे सूर लावून नुसतं 'हं हं हं' केलंस, आणि मास्तर म्हणाले, "काय आवाज आहे पोराचा!" पेन तुला मिळालं. हिरवं होतं. माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

आता खरी गोष्ट. बुधवारी विनया तुमच्याकडून केळी घेऊन आली ती तुझ्या वेलाचं गुणगान गातच. "अहो, केवढा तो वेल! पायवाट ओलांडून विहिरीपर्यंत गेलाय." मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "फळ धरलंय का?" तर म्हणे, "ते सांगणार नाही. भाऊजींना शब्द दिलाय." शब्द! माझ्याच घरात, माझ्याच ताटात वरण वाढता वाढता! आजवर तिने माझ्या एका तरी झाडाला 'केवढं' म्हटल्याचं मला स्मरत नाही.

तुझा
श्रीरंग


गिरीज,
११ ऑगस्ट

रंगा,

पेन निळं होतं आणि गळकं होतं. माझ्या सदऱ्याचा खिसा त्याने नासला म्हणून आईने मला बदडलं. ते तू बघितलं नाहीस. तू नेमकं बक्षीस बघतोस.

आवाज देवाने दिला, त्याला मी काय करू? तुला पाठांतर दिलं.

फळ धरलंय. तीन धरली होती, दोन खुडून टाकली, वेलाचा सगळा जोर एकावर. तूही तसंच कर, जीव घट्ट करून. माझा आजच माझ्या डोक्याएवढा झालाय. उर्सुला म्हणते, फरक इतकाच की भोपळ्यात काहीतरी आहे.

तुझ्या ओळी तिने उतरवून घेतल्या. बाळ निजलंय तर सकाळने त्याला बघून निघून का जावं, उठवू नये का, असं मी विचारलं. तिने मला विहिरीवर पाठवलं.

बाप्टी


पापडी,
८ सप्टेंबर

बाप्टी,

कळलं. सगळं कळलं. विनया बोलता बोलता बोलून गेली, की उर्सुलावहिनी रोज सकाळी वाटीभर दूध घेऊन वाडीच्या मागल्या बाजूला जातात. "कशाला?" म्हटलं तर म्हणे, "मी नाही विचारलं." तिला नसेल कळलं. मला कळायला वेळ लागला नाही. देठाजवळ वेलाला चीर देऊन, कापसाची वात लावून भोपळ्याला दूध पाजतोस, होय ना? तीन पिढ्यांची विद्या ती हीच म्हणायची! पेंड सांगितलीस, पेंढा सांगितलास, आणि दूध तेवढं पोटात ठेवलंस.

परवापासून मीही सुरू केलंय. म्हशीचं.

माझा आता माझ्या कवेत मावत नाही. दोन्ही हात पसरून मिठी मारली तर पलीकडे बोटं बोटांना भेटत नाहीत. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा घरात दिवा लावायचीसुद्धा गरज वाटत नाही. खरं सांगू? रात्री अंथरुणात पडलो की मला माझा भोपळा दिसत नाही. तुझा दिसतो. न बघितलेला. तो माझ्यापेक्षा मोठाच असतो.

आमचा दीड दिवसाचा गणपती गेला की मी नाशिकला स्वप्नाकडे निघतो आहे. तिथे वडीलधाऱ्यांसाठी काव्यपठणाची स्पर्धा आहे, जावयाने माझं नाव दिलंय. दोन तारखेपर्यंत परत येईन. तोवर विनया बघेल.

श्रीरंग


गिरीज,
१३ सप्टेंबर

रंगा,

दुधाबद्दल मी काही बोलणार नाही. प्रत्येक वाडीचं एक गुपित असतं.

नाशिकला जा. टाळ्या घे. मधल्या ओळी विसरलास तर हं हं कर.

बाप्टी


पापडी,
२५ सप्टेंबर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं स्वप्नाचं कार्ड मिळालं. मफलर बॅगेच्या तळाशी आहे. स्पर्धेच्या दिवशी थंड काही पिऊ नका.

एक सांगायचं आहे, रागावू नका. भोपळा कापावा लागला. रविवारपासून अंगणात आंबूस वास येत होता. तुमच्या त्या दुधाच्या वातीवर मुंग्यांची रांग लागली होती. खालून हात घालून बघितलं तर बुडाशी मऊ लागलं. सगळाच नासून जाण्यापेक्षा चार घरी तोंडं गोड होतील असा मी विचार केला. पण अख्खा भोपळा बाईने कापायचा नसतो, आधी पुरुषाची सुरी लागावी लागते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? शेजारचे मोहिते दिवसपाळीला गेलेले. मंगळवारी सकाळी फाटकात उभी होते तर बाप्टिस्टभाऊजी कुणाच्या तरी मयतीच्या मिस्सेहून सायकलने परतत होते. मी हाक मारली. ते आत येईनात. "वहिनी, करार आहे. रंगा मला फाडून खाईल." मी म्हटलं, "करार गेला खड्ड्यात, इथे फळ सडतंय." तेव्हा आले, ते नारळाच्या शेंड्याकडे बघत बघत आले, खाली बघायचं नाही म्हणून! मला हसू आवरेना. त्यांनी उचलून ओट्यावर ठेवला, सुरी लावली, आणि चहासुद्धा न घेता गेले.

नासका भाग काढला तरी पुष्कळ निघाला. घारगे केले. मोहित्यांकडे, पाटलांकडे, उर्सुलाकडे फोडी दिल्या. गोड होता. तुमच्यासाठी घारगे डब्यात ठेवले आहेत.

विनया


नाशिक,
२९ सप्टेंबर

बाप्टिस्ट यांस,

पत्नीचं पत्र स्पर्धेच्या दिवशी दुपारी मिळालं. संध्याकाळी व्यासपीठावर उभा राहिलो, आणि पन्नास वर्षं तोंडात घोळलेल्या कवितेतल्या दोन ओळी मला आठवेनात. तुमच्यासारखं 'हं हं' मला करता येत नाही. खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दया आल्यासारख्या.

माझं अंगण. माझा भोपळा. सुरीही माझ्याच घरची. आणि हात तुमचा. बारा दिवस, बाप्टिस्ट! बाराच दिवस राहिले होते! विनयाला वजनाचं महत्त्व कळत नाही, तिला फळ म्हणजे घारगे. पण तुम्हाला कळत होतं. एका शब्दाने तुम्ही तिला थांबवू शकला असता. काळूरामचा काटा आमच्या फाटकातून दिसतो.

लोक म्हणतील, एका भोपळ्यासाठी म्हातारा रडतो. रडतो तर रडतो. तुम्ही मात्र सातवीपासून माझ्या ताटातलं उचलत आला आहात आणि जग त्याला तुमचा आवाज म्हणतं.

आगेऱ्याला माझी वाट बघू नये.

श्रीरंग


गिरीज,
२ ऑक्टोबर

रंगा,

मला 'तुम्ही' म्हणू नकोस. शिवी दे.

भोपळा बुडाशी नासत होता. वहिनींनी हाक मारली, मी गेलो. उर्सुला दूध मांजरीला घालते. मागच्या खोपटात चार पिल्लं आहेत. हे तुला तेव्हाच लिहायला हवं होतं. मला गंमत वाटली.

रविवारी ये. तू आल्याशिवाय माझा काट्यावर चढणार नाही. पावसात तिथेच कुजला तरी चालेल.

बाप्टी


पापडी,
८ ऑक्टोबर

बाप्टी,

येणार नव्हतो. विनयाने धोतर काढून ठेवलं आणि म्हणाली, "तिथे जाऊन रुसा, इथे मला कामं आहेत."

चार महिने मनात बघितलेला तुझा भोपळा मी रविवारी डोळ्यांनी बघितला. हातगाडीवर, गोणपाटावर, पोटावर एक पांढरट पट्टा, आणि वर उर्सुलावहिनींनी घातलेली झेंडूची माळ. सुंदर होता, बाप्टी. मला ते आवडलं नाही, पण सुंदर होता. काळूरामने वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली, आणि ओरडला, "साडेसत्तावीस!" नाक्यावरचे सगळे टाळ्या पिटायला लागले. रिक्षावालेसुद्धा. मीही वाजवल्या. दोन. तिसरीला हात उठेना.

साडेसत्तावीस हा आकडा ऐकून मला काय वाटलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, बस, एवढाच? रात्री माझ्या डोळ्यांसमोर तो निदान चाळीसचा असायचा. आणि मग माझ्या मनात जे आलं ते आजपर्यंत मला झोपू देत नाही: माझा किती होता?

माझ्या भोपळ्याला काटा लागला नाही. मी त्याला मिठी मारली, पण कधी उचलला नाही; देठ हलेल अशी भीती. विनयाला विचारलं तर म्हणाली, "मला कसा उचलवणार? भाऊजींनी उचलला ना." म्हणजे या पृथ्वीवर माझ्या भोपळ्याचं वजन फक्त तुझ्या हातांना ठाऊक आहे. केळीचे लोंगर जन्मभर उचललेले हात. तू हातात घेऊन किलोचा पाव किलो इकडेतिकडे होऊ देत नाहीस, हे काळूरामही मानतो.

तर सांग. मला समजावण्यासाठी खोटं सांगू नकोस. तुझं जिंकणं मी सोसलं, औदार्य सोसवणार नाही.

श्रीरंग


गिरीज,
२० ऑक्टोबर

रंगा,

उशीर झाला. तीनदा लिहून फाडलं. उर्सुला म्हणाली, "भाऊजींसारखं लिहायला जाऊ नका, तुमच्यासारखं लिहा." तर लिहितो.

वहिनी सुरी शोधायला आत गेल्या. मी एकटाच अंगणात. तोवर खरंच नारळाकडे बघत होतो. मग खाली बघितलं. रंगा, मला वाटलं होतं, कारकुनाचा भोपळा, असून असून किती असेल. आधी दोन्ही हात खाली घातले, उचलायला गेलो, आणि तो पहिल्या हिसक्याला उठला नाही. कंबर वाकवून पुन्हा बळ लावलं. ओट्यापर्यंत चार पावलं होती, तेवढ्यात मला कळलं. माझ्या घरच्यापेक्षा जड होता. थोडाथोडका नव्हे.

नासलं होतं हे खरं. पण रुपयाएवढं. चुना लावला असता, राख भरली असती, पेंढा बदलून कोरड्यावर फिरवून ठेवला असता, तर आगेऱ्यापर्यंत निघाला असता. बहुधा. आणि नसता निघाला तरी काळूराम समोर बसलेला होता. एक हाक मारली असती तर कापायच्या आधी वजन झालं असतं. ती हाक माझ्या घशापर्यंत आली होती. देवाने दिलेला आवाज ना माझा? तो मी गिळला.

कारण सांगतो. गिरीजच्या वाडीवाल्याला पापडीच्या कारकुनाने त्याच बियांवर, म्हशीचं दूध पाजून हरवलं, हे नाक्यावर माझ्या कानाने ऐकायची माझी तयारी नव्हती. उर्सुला तुझी पत्रं उशाशी ठेवते. शाळेत तू कवितेचा अर्थ सांगायचास तेव्हा मास्तर डोळे मिटून ऐकायचे, मला तसं कुणी कधी ऐकलं नाही, नुसतं गायला लावलं. माझ्याकडे तुझ्यावर मात करणारी एकच गोष्ट होती, ही माती. तिनेही तुझी बाजू घेतली.

वहिनी सुरी घेऊन आल्या. मी लावली. लावताना मला बरं वाटलं. हेही लिहितो, नाहीतर वरचं सगळं लिहून उपयोग नाही.

माळ घातलेला माझा भोपळा काट्यावर चढला तेव्हा तू दोन टाळ्या वाजवल्यास. मी मोजल्या. मला त्या दोनही नको होत्या.

आता काय करायचं ते तू ठरव. म्हणशील तर काळूरामच्या दुकानासमोर उभा राहून सगळ्यांना सांगतो.

बाप्टी


पापडी,
२३ ऑक्टोबर

प्रिय बाप्टी,

तुझं पत्र सकाळी आलं. वाचलं आणि देवघरासमोर जाऊन बसलो, राग यायची वाट बघत. यायला हवा होता. चार महिन्यांचा घाम, नाशिकची फजिती, सगळं आठवून बघितलं. आला नाही. उलट असं काही झालं की विनयाने स्वयंपाकघरातून विचारलं, "एकटेच काय हसताय?"

मी तिला पत्र वाचून दाखवलं. 'बरं वाटलं' इथपर्यंत आलो तेव्हा ती कढीत डाव तसाच धरून म्हणाली, "शी! एवढे चांगले भाऊजी, आणि जळले?" मी म्हटलं, "हो. माझ्यावर." ती म्हणाली, "त्यात एवढं मिरवण्यासारखं काय आहे?" तिला नाही कळायचं, बाप्टी. तुला कळेल, म्हणून तुलाच लिहितो. मी सातवीपासून आजपर्यंत तुझ्या आवाजावर, तुझ्या मातीवर, तुझ्या हसण्यावर जळत आलो. ते एकतर्फी आहे असंच मी धरून चाललो होतो. माझ्याकडे बघून कुणी आवंढा गिळावा असं माझ्यात काही असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि गिळलास तो तू!

काळूरामच्या दुकानासमोर उभा राहू नकोस. लोकांना काय सांगायचं? त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचं काम झालं. उर्सुलावहिनींना मात्र सांग, आणि सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सविस्तर कळव.

उद्या संध्याकाळी मी चालत गिरीजला येतो आहे. करार संपला. विनया डबा देते आहे, त्यात घारगे आहेत. तुझ्या भोपळ्याचे. तू पाठवलेल्या फोडींचे केले. गोड आहेत, पण माझ्याइतके नाहीत असं मोहिते म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं.

मी आलो की चहा दे, मांजरीची पिल्लं दाखव, तुझ्या त्या आवाजात काहीतरी म्हण. फक्त एक कर. मागल्या पत्रात मीच खोदून विचारलं होतं, तरी आता ते सांगू नकोस. 'थोडाथोडका नव्हे' इथेच थांब. माझा किती जड होता, ते माझं मी ठरवीन.

तुझा
श्रीरंग